वीज न वापरण्याचे पैसे

५ एप्रिल २०२०, रविवार. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवा आणि दारात पणत्या लावा, असं पंतप्रधानांनी दोन दिवस आधी सांगितलं, आणि देशभरातल्या भार प्रेषण केंद्रांत एकच धांदल उडाली. सगळ्यांनी एकदम दिवे घालवले तर ग्रीड कोसळेल, अशी भीती महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती. ग्रीड चालवणाऱ्यांचा अंदाज होता की मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटनं उतरेल. प्रत्यक्षात ती ३१ हजार मेगावॉटनं उतरली. पावणेनऊच्या सुमारास १ लाख १७ हजार मेगावॉटवर असलेला देशाचा भार नऊ वाजून दहा मिनिटांनी ८६ हजारांच्या आसपास आला होता. जलविद्युत केंद्रं आधीच पूर्ण जोमात चालवून ठेवली होती. ती तेवढ्याच वेळात साडेसतरा हजार मेगावॉटनं खाली आणली आणि दिवे पुन्हा लागले तशी परत वर नेली. ग्रीड टिकलं.

टाळ्या अर्थातच अभियंत्यांना मिळाल्या, आणि त्या त्यांच्या हक्काच्याच होत्या. पण त्या रात्रीतून आणखी एक गोष्ट दिसली, तिची चर्चा फारशी झाली नाही. कुणी एकही नवं यंत्र बसवलेलं नसताना, नुसती घरातली बटणं दाबून देशाचा पाव हिस्सा भार पंचवीस मिनिटांत हलला. वीज तयार करणारे ग्रीड हलवू शकतात हे सगळ्यांना माहीत असतं. वापरणारेही हलवू शकतात, आणि तेही किती, याचा आकडा त्या दिवशी हाती आला.

त्या रात्री मागणी एकदम घटण्याचं संकट होतं. एरवीचं संकट उलट असतं. मागणी चढत जाते, पुरवठा कमी पडतो, आणि जगात बहुतेक ठिकाणी त्यावर एकच उपाय ठाऊक असतो: कुणाची तरी लाईट घालवायची. कुणाची घालवायची, त्याला आधी सांगायचं की नाही, आणि त्याबद्दल त्याला काही द्यायचं की नाही, या तीन प्रश्नांची नीट उत्तरं देण्याच्या व्यवस्थेला वीजक्षेत्रात डिमांड रिस्पॉन्स म्हणतात. ग्राहकानं ठरलेल्या वेळी आपला वापर कमी करायचा किंवा पुढे-मागे ढकलायचा आणि त्याचा मोबदला घ्यायचा, इतकी साधी ही कल्पना आहे. ती राबवायला मात्र सोपी नाही.

आधी ग्रीडचं दुखणं काय असतं ते पाहू. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांनी वाहते, म्हणजे ५० हर्ट्‌झ. हा आकडा देशभरातल्या जनित्रांच्या फिरण्याच्या वेगावर ठरतो. एसटी घाट चढू लागली की इंजिनाचा आवाज जड होतो, वेग पडतो आणि चालक ॲक्सिलरेटर दाबतो. तसंच मागणी वाढली की सगळी जनित्रं किंचित मंदावतात, वारंवारता ५०च्या खाली सरकते, आणि कुठेतरी जास्त पाणी किंवा वाफ सोडावी लागते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवणं अपेक्षित असतं. महाराष्ट्रापुरता हा कारभार ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चालतो. वारंवारता फारच घसरली तर ठिकठिकाणचे रिले आपोआप फीडर तोडतात, कारण ते न तोडले तर जनित्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडतात आणि उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढतो.

पोहोचवणाऱ्या तारांवर पेलवेना इतका भार आला तरी असंच होतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ला लागोपाठ दोन दिवस उत्तर भारताचं ग्रीड कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेलं आणि साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. ओढणारे ठरल्यापेक्षा जास्त ओढत होते, आणि त्यांना थांबवता आलं नव्हतं. महाराष्ट्र पश्चिम ग्रीडमध्ये असल्यानं वाचला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेसह सगळा देश एकाच ग्रीडवर आला.

टंचाई बाराही महिने नसते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. वर्षात ८,७६० तास असतात. त्यांतले शे-दोनशे तासच मागणी शिखरावर असते. उन्हाळ्यातल्या काही दुपारी, काही संध्याकाळी. ३० मे २०२४ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली. एवढ्या थोड्या तासांसाठी वीजकेंद्र बांधायचं, त्याच्या कर्जाचे हप्ते वर्षभर फेडायचे आणि उरलेला काळ ते थंड ठेवायचं, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. आणि ते पैसे शेवटी बिलातूनच वसूल होतात. त्यापेक्षा तेवढ्याच तासांपुरता कुणी स्वखुशीनं वापर कमी करत असेल, तर त्याला चांगले पैसे दिले तरी परवडतं.

सौरऊर्जेनं या गणितात आणखी एक पीळ घातला आहे. भर दुपारी वीज उदंड असते, बाजारात तिचा भाव पडतो. सूर्य कलला की तासा-दोन तासांत हजारो मेगावॉट नाहीसे होतात, आणि नेमके तेव्हाच घरोघर दिवे, पंखे, एसी आणि मिक्सर सुरू होतात. वीज एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून भाव ठरतो. तंगीच्या दिवसांत संध्याकाळनंतरचा भाव युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तीच वीज, तोच ग्राहक. पण दुपारी दोनचं युनिट आणि रात्री आठचं युनिट या आता दोन वेगळ्या वस्तू झाल्या आहेत. आपलं घरगुती बिल मात्र परवापरवापर्यंत दोन्हींना एकाच भावानं मोजत होतं.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं २००५-०६चा महाराष्ट्र आठवावा. राज्यात तेव्हा चार-पाच हजार मेगावॉटची तूट होती. खेड्यांत दहा-बारा तास लाईट नसणं ही बातमीच राहिली नव्हती. मुलं कंदिलावर दहावीचा अभ्यास करत होती. अडचण अशी की गावातली घरं आणि शिवारातले पंप एकाच फीडरवर. संध्याकाळी पंपांचा भार तोडायचा तर गावाचे दिवेही जाणार. त्यातून महावितरणची अक्षय प्रकाश योजना निघाली. गावानं ठरवायचं की संध्याकाळच्या टंचाईच्या तासांत कुणीही पंप चालवणार नाही, तीन फेजवरचं काहीही लावणार नाही आणि आकडे टाकणार नाही. त्या बदल्यात गावाचे दिवे चालू राहणार.

तांत्रिकदृष्ट्या त्यात नवं काहीच नव्हतं. ना मीटर बदलला, ना तारा ओढल्या. गावानं शब्द दिला आणि वीज कंपनीनं फीडर चालू ठेवला. एका माणसानं मोटर चालू केली तर भार थोडासाच वाढतो, पण त्याचं पाहून दुसऱ्यानं केली की शब्द मोडतो आणि सगळ्या गावाची लाईट जाते. त्यामुळे राखण गावानंच करायची. मला ही योजना आपल्याकडच्या वीज-इतिहासातली सगळ्यात हुशार गोष्टींपैकी एक वाटते. पुढे गावठाण फीडर वेगळे झाले, सिंगल फेजिंग आलं, आणि जे काम माणसांच्या कबुलीवर चाललं होतं ते स्विचगिअरवर गेलं. सिंगल फेजवरही कंडेन्सर लावून तीन फेजची मोटर फिरवणारे निघालेच. कबुली मागितली नाही की पळवाट शोधली जाते.

त्याच काळात पुण्यानं वेगळी वाट काढली. शहरातल्या कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रं होती, पण डिझेलची वीज महाग, म्हणून ती बहुतेक वेळ बंद असत. सीआयआय या उद्योगसंघटनेनं प्रस्ताव मांडला: टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपली जनित्रं चालवावीत, ग्रीडवरून तेवढी कमी वीज घ्यावी, आणि ती वाचलेली वीज शहराला द्यावी. डिझेलचा जादा खर्च महिन्याला ३०० युनिटांपेक्षा जास्त वापरणाऱ्या ग्राहकांनी भरावा. वीज नियामक आयोगानं ते मान्य केलं आणि २००६मध्ये सुमारे ९० मेगावॉटच्या जोरावर पुणे भारनियमनातून सुटलं. पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण. फक्त दोन गोष्टी त्यासोबत लिहायला हव्यात. एक, ग्रीडवरचा भार हलका झाला तो डिझेलच्या धुरावर. आणि दुसरी, ज्या शहराला पैसे मोजणं शक्य होतं ते सुटलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांना असा पर्याय कुणी विचारलाही नाही.

कारण शेतकरी हा तर फार वर्षांपासून या ग्रीडचा बिनपगारी राखीव भार आहे. पाच अश्वशक्तीची एक मोटर म्हणजे ३.७ किलोवॉट. अशा एक लाख मोटरी एका वेळी थांबवल्या की ३७० मेगावॉट मोकळे होतात, आणि राज्यात लाखो कृषिपंप आहेत. म्हणून आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळी ठरली. रात्रीची पाळी आली की थंडीत, चिखलात, सापाकिरड्यांच्या आणि बिबट्याच्या भीतीत दारं धरायला जायचं. भार हलवल्याचा फायदा ग्रीडला झाला. त्याची किंमत शेतकऱ्यानं झोपेत आणि जिवाच्या धोक्यात मोजली. ही मागणीची व्यवस्था होतीच. फक्त तिच्यात विचारणं नव्हतं.

जबरदस्तीनं तोडलेला भार परत कसा येतो, हेही शिवारातच पाहावं. वीज कधी येईल याचा भरवसा नसल्यानं शेतकरी पंपाला ऑटो स्विच लावतो. त्याचं चुकत नाही. रात्री दोनला उठून विहिरीवर कोण जाणार? पण फीडर चालू होताक्षणी त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. ट्रान्सफॉर्मरला तो झटका पेलत नाही, डीपी जळते, आणि मग आठ-आठ दिवस सगळ्यांचीच पिकं वाळतात. शहरातल्या एसीचंही तेच. हजारो एसी एकाच वेळी बंद करून एकाच वेळी चालू केले की तापलेल्या खोल्या गार करायला ते सगळे मिळून पूर्वीपेक्षा मोठा भार टाकतात. म्हणून चांगल्या योजनेत भार गटागटानं उतरवतात आणि तसाच गटागटानं परत घेतात.

जगात यातलं सगळ्यात जुनं आणि टिकलेलं उदाहरण बहुधा न्यूझीलंडचं. तिथे १९५०च्या दशकापासून घरोघरचे पाणी तापवायचे बंब वीजवाहिनीतूनच पाठवलेल्या संकेतानं बंद-चालू होतात. संध्याकाळी तास-दीड तास बंब बंद राहिला तरी टाकीतलं पाणी गरमच असतं. घरच्यांना पत्ताही लागत नाही. सगळी गोम इथेच आहे. ज्या यंत्राला थांबवलं तरी माणसाचं काम अडत नाही, ते शोधायचं: शीतगृह, पाणीपुरवठ्याचे पंप, बर्फाचे कारखाने, रात्रभर प्लगला लावलेली गाडी. पिठाची गिरणी थांबवता येते, ऑपरेशन थिएटर थांबवता येत नाही.

विचारून किती फरक पडतो ते कॅलिफोर्नियात दिसलं. ऑगस्ट २०२०मध्ये तिथे आळीपाळीनं वीज तोडावी लागली होती. ६ सप्टेंबर २०२२ला उष्णतेच्या लाटेत मागणी ५२,०६१ मेगावॉट या उच्चांकावर गेली आणि पुन्हा तीच वेळ येणार असं दिसू लागलं. संध्याकाळी पावणेसहाला राज्याच्या आपत्कालीन यंत्रणेनं सुमारे २ कोटी ७० लाख मोबाईलवर कर्कश आवाजाचा संदेश धाडला: शक्य ती वीज आत्ता बंद करा. काही मिनिटांतच हजार मेगावॉटहून जास्त भार उतरला आणि त्या दिवशी वीज तोडावी लागली नाही. यात कुणाला एक पैसाही मिळाला नव्हता. पण असा संदेश रोज पाठवता येत नाही. दहाव्या वेळी लोक आवाज बंद करून फोन खिशात टाकतात. रोजच्यासाठी पैसेच लागतात. ब्रिटननं २०२२-२३च्या हिवाळ्यात ते केलं. ठरलेल्या तासात नेहमीपेक्षा जेवढी वीज कमी वापराल तिला युनिटमागे किमान तीन पौंड, म्हणजे तीनशेच्या आसपास रुपये, असा भाव ग्रीडनं पुरवठादारांना बांधून दिला. सोळा लाख घरं आणि आस्थापना त्यात उतरल्या आणि ३,३०० मेगावॉट-तासांहून जास्त वीज वाचली. जानेवारीत गोठवणाऱ्या थंडीत, संध्याकाळच्या वेळी, लोकांनी कपडे धुवायची यंत्रं आणि ओव्हन पुढे ढकलले.

पैसे आले की लबाडी येते, आणि इथे लबाडीला मोठी सोय आहे. वापरलेली वीज मीटर मोजतो. न वापरलेली वीज कोण मोजणार? ती नेहमी अंदाजानंच काढावी लागते: मागच्या काही दिवसांत याच वेळी तुम्ही सरासरी इतकी वापरत होता, आज इतकी वापरली, फरकाचे पैसे घ्या. ही सरासरी म्हणजे बेसलाइन, आणि सगळी भांडणं तिच्यावरून होतात. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या रम्फोर्ड कागद गिरणीचं प्रकरण प्रसिद्ध आहे. गिरणीचं स्वतःचं वीजकेंद्र होतं. बेसलाइन ठरायच्या दिवसांत तिनं ते मंद चालवलं आणि ग्रीडवरून भरपूर वीज घेतली. बेसलाइन फुगल्यावर वीजकेंद्र नेहमीसारखं चालू केलं आणि ‘आम्ही भार कमी केला’ म्हणून पैसे घेतले. प्रत्यक्षात काहीच कमी झालं नव्हतं. २०१३मध्ये एक कोटी डॉलरच्या दंडावर आणि घेतलेले पैसे परत करण्यावर ते मिटलं.

टेक्ससमध्ये तर कायद्याच्या चौकटीतच गंमत झाली. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात तिथलं ग्रीड पूर्ण कोसळण्यापासून जेमतेम चार-साडेचार मिनिटं दूर होतं. २० हजार मेगावॉट भार तोडून ते वाचवलं. त्यानंतर हवा तेव्हा बंद होणाऱ्या भाराचं मोल वाढलं आणि बिटकॉइन ‘खाणणाऱ्या’ कंपन्या पुढे आल्या. ऑगस्ट २०२३मध्ये रायट प्लॅटफॉर्म्स या कंपनीला यंत्रं बंद ठेवल्याबद्दल आणि स्वस्तात करार केलेली वीज परत विकल्याबद्दल मिळून ३ कोटी १७ लाख डॉलर मिळाले. त्या महिन्यात तिनं काढलेल्या ३३३ बिटकॉइनची किंमत याच्या एक तृतीयांशही नव्हती. ग्रीडला उपयोग झाला हे खरं. पण ज्या भाराची मुळात गरज काय हाच प्रश्न आहे, तो उभारायचा आणि मग तो थांबवायचे पैसे घ्यायचे, हे पाहून बिल भरणाऱ्या माणसाच्या कपाळावर आठी उमटली तर नवल नाही.

विश्वासाचा मुद्दा याहून नाजूक. ३० ऑगस्ट २०२२ला कोलोरॅडोत सुमारे २२ हजार घरांतले एसीचे थर्मोस्टॅट वीज कंपनीनं दुरून कुलूपबंद केले. लोक घामाघूम होऊन बटणं दाबत राहिले, तापमान काही बदलेना. त्यांनी स्वतःच योजनेत नाव घातलं होतं, नाव घालताना शंभर डॉलर आणि पुढे वर्षाला पंचवीस डॉलर घ्यायचं कबूल केलं होतं. तरी चिडले. एरवी नको असेल तेव्हा बटण दाबून बाहेर पडता येत होतं; त्या दिवशी आणीबाणी म्हणून ते काढून घेतलं गेलं. पंचवीस डॉलर हा वर्षभराच्या मुकाट्याचा भाव नाही, हे कंपनीला त्या दुपारी कळलं असावं.

आपल्याकडे उद्योगांना वेळेनुसार दर लागू होऊन पाव शतक होत आलं. रात्री स्वस्त म्हणून रात्रपाळी लावायची, हे गणित कारखानदारांना पाठ आहे. आता सौरऊर्जेमुळे सवलतीचं घड्याळ रात्रीकडून दुपारकडे फिरतंय. केंद्राच्या २०२३च्या नियमांनी शेती वगळून इतर ग्राहकांनाही वेळेनुसार दर लावायला सांगितलं, आणि महाराष्ट्रात १ जुलै २०२५पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळातल्या वापरावर युनिटला ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. दुपारी घरात असतं कोण, हा सोसायटीतला प्रश्न रास्त आहे. धुण्याचं यंत्र आणि पाण्याच्या टाकीचा पंप दुपारी लावता येईल, एसी नाही. मुंबईत टाटा पॉवरनं २०२३च्या सुरुवातीला ५५ हजार घरं आणि सहा हजार मोठे ग्राहक घेऊन आधी ७५ आणि पुढे २०० मेगावॉट भार कमी करायचं उद्दिष्ट जाहीर केलं. दिशा ती बरोबर आहे, कारण त्यात ग्राहकाला आधी कळवणं गृहीत आहे.

शेतीत दरानं काही होण्यासारखं नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४पासून वीज मोफत आहे. शून्याचं बिल दुपारी काय आणि रात्री काय, शून्यच. तिथे वेळ बदलते ती फक्त पुरवठ्याच्या बाजूनं, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ती बदलते आहे. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला दिवसा वीज द्यायची. दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॉटचं लक्ष्य आहे. जिथे हे फीडर सुरू झाले तिथे रात्रीची दारं धरणं सुटलं. राज्यातली ही सगळ्यात मोठी भारबदली आहे, आणि पहिल्यांदाच ती शेतकऱ्याच्या सोयीच्या दिशेनं झाली आहे.

पंप दुपारकडे गेले की रात्री आठच्या मागणीत मुख्यतः शहरं उरतात. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॉट खातो, म्हणजे एक लाख एसी दीडशे मेगावॉट. एसीचं थर्मोस्टॅट दोन अंशांनी वर ठेवलं तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानं दर अंशाला सहा टक्के वीज वाचते. ठाण्यातल्या किंवा पिंपरीतल्या फ्लॅटमधल्या माणसाला अजून कुणी असा सौदा घातलेला नाही: आदल्या दिवशी निरोप येईल, दीड तास एसी २६वर ठेवा, नको असेल तर बटण तुमच्याच हातात, आणि पुढच्या बिलात इतके रुपये वजा. तो घातला गेला, तर पहिली कटकट बेसलाइनवरून होईल.